मावशींची बादली

तपासणीच्या टेबलावर कुशीवर पडलो होतो. यंत्रातून माझ्याच हृदयाची खळखळ ऐकू आली आणि सूर्यमाळ गावाकडच्या पाड्यावरची माझी जुनी शाळा आठवली. ऐन उन्हाळ्यात बकऱ्याच्या हृदयात तांब्याने पाणी ओतून मी मुलांना झडपा दाखवत होतो. पाणी एका वाटेने आत जाई, दाबलं की दुसरीकडून बाहेर पडे, मागे मात्र फिरत नसे. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी न विचारताच खाली बादली सरकवली. "खालच्या विहिरीवरून डोक्यावर आणलंय, गुरुजी. तेच तेच ओता." मी म्हटलं, "हृदयही तेच रक्त फिरवतं, मावशी." "जलमभर? शहाणं हाय मग." एवढ्यात यंत्राकडे बघत डॉक्टर म्हणाले, "एक झडप जराशी गळतेय." माझा हात आपसूक टेबलाखाली बादली चाचपू लागला.