आमचं मधलं अंगण

त्या फेब्रुवारीत मी महाडच्या प्रेसमधून पत्रक छापून आणलं. मथळा माझाच: ‘गप्प बसणारा देश कुणाच्या बाजूचा?’ युरोपात एक बलाढ्य देश शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घेऊन घुसला होता आणि आपलं सरकार म्हणत होतं, आम्ही तटस्थ. मला चीड आली होती. अजूनही येते. ज्यानं घर फोडलं आणि ज्याचं फुटलं, त्या दोघांना सारखाच नमस्कार कसा करायचा?

प्रेसवाले काका म्हणाले, “छापतो पोरी. पण स्टँडवर वाटू नको, तिथं त्यात वडे बांधतात.”

पत्रकं वाटण्याआधीच कळलं, दादाचं जहाज त्याच हल्ला झालेल्या देशाच्या बंदरात अडकलंय. दादा जहाजावर स्वयंपाकी. धान्य भरायला गेले होते. बंदर बंद झालं, बाहेर समुद्रात सुरुंग. त्याचा फोन लागेना.

आमचं घर कापडे गावाजवळ, दोन आळ्यांच्या बरोबर मधे. वरची आणि खालची आळी एका शेताच्या बांधावरून माझ्या जन्माआधीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. शिमग्यात वरचे लोक देवाची पालखी आमच्या अंगणात आणून टेकवतात आणि मागे सरतात. मग खालचे येऊन उचलतात. मधे एक शब्द नाही. अंगण आमचं, पण पालखीला खांदा आमचा कधीच नाही. खांदा दिला की बाजू झाली. आई दोन्हीकडच्यांना पाणी देते, आणि त्यावरून मी कायम तिच्याशी भांडत आले.

“बांध वरच्यांनी सरकवला. सांग की त्यांना तोंडावर!”

“सांगितलं हाय गो. म्हणून काय तहानेला नाय म्हणू?”

आता वरच्या आळीतला एक जण मुंबईत जहाजाच्या एजंटकडे कामाला. तो रोज दादाची चौकशी करायचा. पण आमच्या घरात रेंज नाही; रेंज खालच्या आळीतल्या काकूंच्या ओट्यावर. म्हणून त्यानं फोन केला थेट काकूंनाच. काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “हा निरोप हाय हां. तुमचं-आमचं बोलणं नाय.” आणि पदर खोचून निरोप सांगायला धावत आल्या. मग रोजच येत राहिल्या.

एका सकाळी लांबूनच ओरडल्या, “सुटला गो! बशीत बसला!”

दादा घरी आला तो शिमग्याच्या तोंडावर. आपल्या वकिलातीनं बस ठरवली होती, असं त्यानं सांगितलं. दोन्ही सैन्यांशी बोलू शकणारे देश तेव्हा थोडेच होते. आपला त्यातला एक. नाक्यावरच्या सैनिकानं पासपोर्ट बघितला आणि हातानंच ‘जा’ म्हणाला. जहाजावरचा एक इंजिनियर मात्र त्या हल्ला झालेल्या देशातलाच. लढायच्या वयाच्या पुरुषांना देश सोडायची परवानगी नव्हती. तो बसपर्यंत सोडायला आला आणि आपला थर्मास दादाच्या हातात देऊन परत फिरला.

ज्या गप्प बसण्यावर मी पत्रक काढलं, त्यानंच माझा भाऊ आणून दिला. उपकार आहेत, मान्य. पण तो थर्मासवाला तिथंच राहिला, म्हणून पत्रकं मी वाटली. एकही शब्द बदलला नाही.

पालखी आली. वरच्यांनी टेकवली, पण या वेळी मागे सरले नाहीत. त्यांच्यातला म्हातारा दादाला म्हणाला, “काय रे दर्यावर्दी, लावतोस काय खांदा?”

खालच्या आळीवाल्यांतून लगेच आवाज आला, “मग आमच्यासंगत पण लावायचा. नायतर पालखी इथंच ऱ्हाईल.”

दादानं आईकडे बघितलं. आई रडत होती आणि रडता रडताच म्हणाली, “लाव रे. आधी एकासंगत, मग दुसऱ्यासंगत.”

तिला काही सुचेना म्हणून पाण्याचा तांब्या मी घेतला. म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि म्हटलं, “तुमच्या आळीतल्यानं रोज फोन केले, जन्मभर विसरणार नाही. पण आजोबा, बांध मागे घ्या.”

“आधी पाणी पिऊ दे गो,” तो म्हणाला.

मी तांब्या पुन्हा भरून आणला.