माशांच्या बर्फातल्या पेशी

ती घटना आठवली की आजही माझे हात शिवशिवतात. निवृत्त अधिकाऱ्याने असे लिहू नये म्हणतात, पण खोटे कशाला लिहू?

मी तेव्हा कणकवलीला निरीक्षक होतो. एका सकाळी मालवणची एक मासेविक्री करणारी बाई ठाण्यात आली. तिचा नवरा होडीवर पडून कमरेखाली लुळा झाला होता. आमच्या हद्दीतला एक 'डॉक्टर' त्याच्या दंडाची चिमूटभर कातडी कापून घेई. मुंबईच्या प्रयोगशाळेत त्या कातडीपासून मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, बनतात, त्या मणक्यात टोचल्या की माणूस चालू लागतो, असे सांगे.

"सायब, त्येचो बर्फ खोटो आसा," बाई म्हणाली.

ठाणे अंमलदार हसला. खरे सांगायचे तर मलाही हसू आले होते.

"काल पेशींचो डबो माझ्यासमोर उघडल्यान. म्हणता, रेल्वेन मुंबयसून इलो. बर्फ वितळूक नाय, त्येची धार पण मोडूक नाय हुती, आणि वर मासळीचो वास! ह्यो हयसरच्याच फॅक्टरीतलो. माझा आयुष्य बर्फात गेला, माका कळाचा नाय?"

माझे हसू तिथेच विरले. मुंबईतल्या एका संशोधक डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मोठ्या माणसाच्या कातडीपासून मूळ पेशी करता येतात, हे खरं. पण त्याला काही महिने लागतात आणि अजून संशोधनच चालू आहे. असा इलाज दवाखान्यात विकता येत नाही."

हा गृहस्थ पंधरा दिवसांत पेशी देत होता.

दोन पंच आणि तालुका आरोग्य अधिकारी सोबत घेऊन त्याच्या दवाखान्यावर धाड टाकली, पेशींच्या कुप्या सील केल्या. तपासणीत निव्वळ सलाईन निघाले. चौकशीत मात्र तो इंग्रजी पाजळत राहिला. शेवटी बर्फ कारखान्यातला कामगार समोर उभा केला.

"हेच ते. घमेलाभर बर्फ नेतत. माका वाटला, मासळीचो धंदो आसा."

डॉक्टरचा चेहरा उतरला.

"कापलेली कातडी कुठे जायची?" मी विचारले.

"कचऱ्यात."

मी खुर्ची घट्ट धरून बसलो. नाहीतर त्या दिवशी माझ्यावरच गुन्हा दाखल झाला असता.

निव्वळ थापाड्या लवकर सापडतो. हा नीच माणूस खऱ्या विद्येला खोटे चिकटवून विकत होता, आणि ते ओळखले एका मासेवालीने, जिला आम्ही हसलो होतो.

नवऱ्याचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. व्यायामाने त्याच्या उजव्या पायात जरा हालचाल येऊ लागली होती. 'पेशी रुजेपर्यंत हलू नका' असे सांगून त्या हरामखोराने व्यायाम बंद करवला आणि तेवढीही गेली. नवऱ्याने बाही वर करून दंडावरचे चार वण दाखवले.

"सायब, डॉक्टर खोटो, मान्य. पण माझी कातडी थंय मुंबयत वाढता आसा मा?"

बायकोने मान खाली घातली.

"आसा," मी म्हणालो.

आयुष्यभर मी लोकांना खरे बोलायला लावले. त्या ठगाला शिक्षा झाली, पण त्याने मला खोटे बोलायला लावले, तो राग अजून गेलेला नाही.