वहीतला चौथा रकाना

मला माणसांचा कंटाळा आहे, हे कळायला मला मानसशास्त्रात एम.ए. करावं लागलं. त्याआधी मी समजायचे की माझा स्वभावच तिरसट आहे. पाच वर्षं शिकून आणि दोन वर्षं एका इस्पितळात दुसऱ्यांच्या हाताखाली राबून खात्री पटली की माझा स्वभाव उत्तम आहे, माणसंच त्याच्या लायकीची नाहीत.

अशा बाईने समुपदेशनाची स्वतःची प्रॅक्टिस काढावी का, हे मला कुणी विचारलं नाही. बाकी सगळं विचारलं. मुलुंड पूर्वेला माझ्या मामाची तळमजल्यावरची एक खोली होती. मामा बदलापूरला मोठ्या घरात गेला आणि खोली मला वापरायला दिली. त्यासाठी सोसायटीच्या कमिटीपुढे उभं राहावं लागलं. कमिटी म्हणजे पाच निवृत्त पुरुष आणि एक प्लास्टिकची रिकामी खुर्ची, ती माझ्यासाठी नव्हती.

"म्हणजे बाहेरची माणसं येणार, बसणार, बोलणार आणि जाणार. एवढंच?" सेक्रेटरींनी विचारलं.

"एवढंच."

"मग त्याला डिग्री कशाला लागते?"

खजिनदारांना वेगळीच चिंता होती. रडारड किती होईल, दुपारी होईल का, कारण वर पहिल्या मजल्यावर त्यांची बायको दोन ते चार झोपते. परवानगी मिळाली. जिन्यापाशी एका मेंबरने मला बाजूला घेतलं आणि त्याच्या मुलाच्या डोक्यात सायन्स घालता येईल का, असं विचारलं. सोसायटीतल्या माणसाचं आधी बघायला पाहिजे ना, हेही वर ऐकवलं.

खोली मात्र मी मनापासून लावली. दाराला आतून जाड पडदा, खिडकीला दुहेरी काच. दाराबाहेर एक छोटा पंखा, त्याच्या घरघरीमुळे पॅसेजमध्ये उभं राहून कान लावला तरी आतलं काही ऐकू येऊ नये. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या, म्हणजे समोरच्याला सारखं माझ्या तोंडाकडे बघावं लागत नाही. टिपणांच्या वह्या कुलपात, त्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे. गुप्तता हा आमच्या धंद्याचा पाया, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी तो पाया एखाद्या कंत्राटदाराला लाजवेल असा घातला होता.

मग माणसं यायला लागली, आणि काय माणसं! आईबाप पोराला दारात सोडायचे, "ह्याला जरा समजवा," म्हणायचे आणि मिक्सर दुरुस्तीला टाकल्यासारखे भाजी आणायला निघून जायचे. पाऊण तासाने पोरगा घ्यायला येताना विचारायचे, "झाला का?" एक गृहस्थ बायकोचे दोष टाइप करून घेऊन आले होते, दोन पानं, क्रमवार. तुमचं स्वतःचं काही आहे का, असं विचारल्यावर म्हणाले, "माझं काय असणार?" एक काकू प्रत्येक वाक्याला माझं लग्न का झालं नाही, इथे परत यायच्या. जो तो दुसऱ्याला सुधारून घ्यायला आलेला. मी मान हलवायचे, "हं, पुढे?" म्हणायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायचे. समोरच्याबद्दल मत बनवायचं नाही, हेही आम्हाला शिकवलं होतं. ते मला कधीच जमलं नाही.

एका बाईबद्दल मात्र मनात एकही शिवी आली नाही. तिच्याविषयी मोजकंच सांगते, तेही ओळखू येणार नाही असं. दोन गल्ल्या सोडून राहायची. घरात नवरा आणि सासू. दर बुधवारी चार वाजता, सासू झोपलेली असताना यायची. पहिल्या दिवशी अर्धा तास तिने पर्सची चेन उघडण्या-लावण्यात घालवला. मग म्हणाली, "घरी कळलं ना, तर माझं येणं बंद होईल. आणि हेही बंद झालं तर मग मला दुसरं काहीच नाही."

"इथून एक शब्दही बाहेर जाणार नाही," मी म्हटलं.

हे मी सगळ्यांनाच सांगत असे, पण तिला सांगताना मी ते अगदी शपथेसारखं सांगितलं. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि बोलायला लागली. सातव्या-आठव्या बुधवारी ती पहिल्यांदा हसली. त्याच्या पुढच्या बुधवारी आली ती खुर्चीत बसायच्या आधीच सांगत, की काल तिने घरात एका गोष्टीला चक्क नाही म्हटलं आणि आभाळ कोसळलं नाही. त्या संध्याकाळी मी घरी जाताना गाणं गुणगुणत होते, मला स्वतःचीच लाज वाटली.

गणपतीच्या आधी एका दुपारी वरच्या मजल्यावरची शेजारीण दार वाजवून आत आली. हातात खणाचं कापड आणि मापाचा जुना ब्लाउज.

"काय गं, तू शिवतेस आणि आम्हाला सांगत नाहीस? गणपतीपर्यंत दोन होतील ना?"

"कोण म्हणालं मी शिवते?"

"वहीत आहे की! दर आठवड्याला चार-पाच जणी येतात तुझ्याकडे ब्लाउजला. हात चांगला असणार."

वही म्हणजे गेटवरची. आमच्याकडे गेटवर वॉचमनच्या टेबलावर एक लांबोडकी वही उघडी पडलेली असते. नाव, कुठून आले, कोणाकडे, काम, सही. वॉचमन लिहितो, आलेला माणूस सही करतो. सही करण्याआधी वरच्या दहा ओळी वाचणं हा आमच्या लोकांचा जन्मसिद्ध हक्क आहे. पेपर बंद केलेली माणसंसुद्धा ही वही सोडत नाहीत.

मी तरातरा गेटवर गेले. वॉचमन साठीच्या पुढचे, मालवणकडचे. कुठल्याशा कारखान्यात आयुष्य काढलं आणि तो बंद पडल्यावर या खुर्चीत येऊन बसले. सगळे त्यांना काका म्हणायचे. अक्षर मोत्यासारखं. त्या मोत्यासारख्या अक्षरात माझ्या खोलीच्या नंबरापुढे चौथ्या रकान्यात ओळीने लिहिलेलं होतं: ब्लाउज, ब्लाउज, विम्याचं काम, ब्लाउज, शिकवणी. बाई आली की ब्लाउज, पुरुष आला की विमा, पोर आलं की शिकवणी. आणि त्यापुढे सगळ्यांनी निमूट सह्या केलेल्या.

"काका, हे काय लिहिताय तुम्ही?"

"मॅडम, माणसां लाजतत," काका शांतपणे म्हणाले. "पयल्याच दिवशी एक बाय इली, मी विचारलंय काम काय, तर काय बोलाकच नाय, परतच गेली. मगे म्हटलंय, लिवया ब्लाउज. कोणाचा काय बिघडता?"

मी त्यांना तिथेच, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर एक भाषण दिलं. लाजण्यासारखं काय आहे त्यात? ताप आला की डॉक्टरकडे जाताना लाजतात का? अशा खोटेपणामुळेच ही लाज टिकून राहते, तुमच्यासारख्यांमुळेच! मी टेबलावरचा एक कागद घेतला, त्यावर ठळक अक्षरांत समुपदेशन असं लिहिलं आणि तो टेबलाच्या काचेखाली सरकवला, स्पेलिंग चुकायला नको म्हणून. काकांनी तो चष्मा वर करून वाचला, "बरां," म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! समाजप्रबोधनाचं काम तळमजल्यावर बसून झालं होतं. नाकाने कांदे सोलायला माझ्याइतकं कुणाला येत नाही.

त्या बुधवारी ती बाई आली. बसली, पर्सची चेन उघडली, लावली.

"बाहेर आता वेगळं लिहितात," ती म्हणाली.

"हो, मीच सांगितलं तसं. लपवायचं कशाला? तुम्ही काही चोरी करत नाही आहात."

तिने पर्स मांडीवर सरळ केली. मग "बरं," म्हणाली. तुम्हाला चालेल का, हे मी विचारलं नाही. घरी नाही म्हणायला नुकतीच शिकलेली बाई मला नाही म्हणू शकली नाही, आणि एवढं शिकलेल्या मला ते दिसलं नाही. उलट टिपणात मी लिहिलं, "उघडपणाकडे वाटचाल." ती ओळ आजही माझ्या वहीत आहे, कुलपात.

ती आणखी तीन बुधवार आली. चौथ्या बुधवारी आली नाही. फोन केला, उचलला नाही. पाचव्यालाही नाही. इतर येणारेही गळायला लागले होते. मी म्हटलं, जाऊ दे, या लोकांना बदलायचंच नसतं. जरा खरं काही हाती लागलं की पळ काढतात. आमच्या पुस्तकात त्याला प्रतिकार म्हणतात, मीही तसंच लिहून मोकळी झाले.

मग एका गुरुवारी पासष्टीच्या एक बाई दार न वाजवता आत आल्या. नीट नेसलेली साडी, हातात विष्णुसहस्रनामाचं पुस्तक. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बायकांचं पठण असतं, आजूबाजूच्या सोसायट्यांतूनही येतात. त्या माझ्या तिरक्या खुर्चीत सरळ होऊन बसल्या आणि सुनेचं नाव घेतलं.

"काय सांगते ती आमच्याबद्दल?"

"माझ्याकडे कोण येतं, येत नाही, हे मी कुणालाही सांगू शकत नाही," मी म्हटलं. वाक्य पाठ होतं, आवाजही बरोबर लागला. दुहेरी काच, जाड पडदा, बाहेर पंख्याची घरघर, सगळं माझ्या बाजूने उभं होतं.

त्या हसल्या. "तुम्ही कशाला सांगताय? बाहेर लिहिलंय की. बुधवारची ओळ माझ्या गुरुवारच्या ओळीच्या वरच होती. नाव तिचं, सही तिची, खोली तुमची. आधी वाटायचं ब्लाउज शिवून घेते, म्हटलं घेऊ दे. मग हा नवा शब्द आला, त्याचा अर्थ कळायला तीन-चार आठवडे गेले." पुस्तक सावरत त्या उठल्या. "आता ती येणार नाही. घरात बोलणं झालंय."

त्या गेल्यावर मी गेटवर जाऊन वहीची पानं मागे उलटत गेले. बुधवार, तिचं नाव, ब्लाउज. बुधवार, ब्लाउज. महिनोन् महिने. दर आठवड्याला त्या सासूने ते वाचलं होतं आणि सुनेला निवांत येऊ दिलं होतं. त्यानंतर माझा कागद, आणि चार बुधवार समुपदेशन. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, तो दरवाजाही मी स्वतः कडी काढून उघडून दिलेला. साठी उलटलेल्या एका माणसाला एका बाईच्या परत जाण्यावरून जे कळलं होतं, ते मला सात वर्षांत कळलं नव्हतं. ज्यांना मी मूर्ख म्हणत होते त्यांच्या रांगेत माझा नंबर पहिला लागतो, हे तेव्हा कळलं.

"काका, परत ब्लाउज लिहा," मी म्हटलं.

त्यांनी काचेखालचा कागद काढून माझ्या हातात दिला. "लिवतंय, मॅडम," ते म्हणाले, "पण आता येतला कोण?"

कोणी ना कोणी येत राहिलं. पोरं, आईबाप, दोषांच्या याद्या. प्रॅक्टिस चालते, माणसांना तोटा नाही. नवीन कुणी फोन केला की मी आधी विचारते, गेटवर काय लिहिलेलं चालेल तुम्हाला? लोक चटकन सांगतात, त्यांचं उत्तर बरेचदा तयारच असतं.

तिला मी नंतर एकदाच पाहिलं, स्टेशनजवळच्या भाजीवाल्यांकडे. सासू चार पावलं पुढे कांदे निवडत होती. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले, कारण बाहेर भेटल्यावर आपण होऊन ओळख द्यायची नाही, हाही आमचा नियम. तीच माझ्या शेजारी येऊन मेथीच्या जुड्या चाळायला लागली.

"तुम्ही म्हणाला होतात, इथून एक शब्दही बाहेर जाणार नाही," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

मी समोरची कोथिंबीर उचलली.

"एकच गेला," ती म्हणाली, आणि मेथीची जुडी पिशवीत टाकून सासूच्या मागे चालू लागली.