टेबलफॅनचं तोंड

स्वयंपाकघराच्या दारात असायचा तो टेबलफॅन गेल्या आठवड्यापासून कॉम्प्युटरच्या सेवेत आहे. नवऱ्याने सीपीयूच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलंय आणि त्या उघड्या पोटासमोर स्टुलावर पंखा मांडलाय. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं आणि आमचे गृहस्थ ते बघत बसतात. दुसरं काही काम नाही हो! त्या यंत्रावर साधं एक पत्रसुद्धा टाइप होत नाही. ते दिवसभर आपला ताप मोजतं आणि हे तो वाचतात.

"अडुसष्ट झालं गं!" बाहेरच्या खोलीतून हाक येते. जणू घरात कुणी तापाने फणफणलंय.

आकडा दिसला की या माणसांना केवढी माया फुटते! आकडा नसेल, तर समोरचं तापलंय हेच मुळी यांना कळत नाही. भर मे महिन्यात गॅससमोर तासभर उभ्या राहणाऱ्या बाईच्या कपाळावर काही आकडे उमटत नाहीत. नुसता घाम येतो, आणि तो काय, रोजचाच.

आज पोळ्या आटोपून मी बाहेर आले आणि क्षणभर पंख्यासमोर थांबले. ब्लाउज भिजून पाठीला चिकटला होता. स्क्रीनवरची नजर न हलवता ते म्हणाले, "जरा बाजूला हो, वारा अडतोय."

मी हलले नाही. पदराने मान पुसत तिथेच उभी राहिले. आकडा एकेक करून चढू लागला, आणि पहिल्यांदाच मलाही तो बघत बसावंसं वाटलं.