टेलरचाचांचे नमस्कार-चमत्कार

नुसतं भेटायला अर्धा तास लागणारा माणूस सेनगावात एकच होता, आमचे टेलरचाचा. कुवेतमध्ये बरीच वर्षं कपडे शिवून नव्वदच्या दशकात ते परतले, ते अरबांची सगळी विचारपूस सोबत घेऊनच. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून इंग्रजांच्या वतीने जाब मलाच द्यावा लागे.

“सर, तुमचं गुड मॉर्निंग म्हंजे हवापाण्याची खबर,” गळ्यातली टेप सावरत ते म्हणत. “अरब म्हनतो ‘सबाह अल-खैर’, सकाळ भल्याची होवो. समोरचा म्हनतो ‘सबाह अन-नूर’, तुमची उजेडाची होवो. घेतलं त्याच्याहून जास्त परत! अन् तुमचा इंग्रज? ‘हाऊ डू यू डू’ला पुन्हा ‘हाऊ डू यू डू’. मंग जवाब द्यावा कोनं?” कुवेतकडे खुशाली विचारताना ‘शलोनक’, म्हणजे ‘तुमचा रंग कसा आहे’, असं म्हणतात. चाचा गिऱ्हाइकाचा चेहरा खरंच उजेडाकडे फिरवत. “पिवळे दिसून राहिले. काहून?” तांड्यावरचे एक म्हातारबाबा शर्ट शिवायला आले, आणि त्या ‘काहून’वर पोटभर रडून, माप न देताच हलक्या पावलांनी परत गेले.

पण पुसेगावच्या थोरल्या भावाशी मात्र चाचांचा सलामसुद्धा नव्हता. आई गेली तेव्हा चाचा कुवेतहून पोचायची वाट न पाहता भावाने माती उरकली होती. एका दुपारी आम्ही दोघं हिंगोलीच्या बसमध्ये बसलो होतो, तोच थोरला चढला. जागा रिकामी होती ती आमच्याचजवळ. चाचांचे ओठ नुसते हलले. मग एकदम म्हणाले, “गुड मॉर्निंग.”

थोरल्याने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. “चार बजे कायकी मॉर्निंग?” आणि थोड्या वेळाने, “सरक जरा.”

दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून हिंगोलीपर्यंत आले. उतरल्यावर चाचा मला हळूच म्हणाले, “सलाम म्हंजे सलामती मागनं, सर. तेवढं मन झालं न्हवतं. तुमच्या इंग्रजीला मन लागत न्हाई, बरं झालं.”

पुढे माझी बदली कुरुंद्याला झाली. काही वर्षांनी कामासाठी सेनगावला गेलो. चाचांची नजर अधू झाली असावी. त्यांच्या दुकानात थोरला भाऊ सुई उन्हाकडे धरून दोरा ओवत होता आणि चाचा मांडीवर कापड धरून वाट पाहत होते. मी रस्त्यापलीकडे जरा वेळ उभा राहिलो, आणि न भेटताच स्टँडकडे वळलो.