भिंतीतली लाईट

नदाफाच्या घरात नांदायचं तर कापूस नाकातोंडात जाणारच, हे लालबीला लग्नाआधी चुलतीनं बजावून सांगितलं होतं. लाईटीचं कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? लाईटीचा झटका बसून माणूस मरतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. नुसत्या शेजारानं माणूस झिजतं, हे गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं.

लालबी गडहिंग्लजच्या पलीकडची, कानडी मुलखाला चिकटलेल्या खेड्यातली. भावाला ‘अण्णा’ म्हणायची, मराठी बोलताना हेल काढायची. तिच्या गावात उजेड म्हणजे चिमणी नाहीतर कंदील. कोल्हापुरात रविवार पेठेतल्या गल्लीत मौला नदाफाची बायको होऊन आली, तेव्हा दोन्ही खोल्यांतले बल्ब बघून तिला कोण कौतुक! पहिल्या सणाला माहेरी गेली, तर बटण दाबलं की कसा दिवस उगवतो हेच भेटेल तिला सांगत सुटली. म्हणजे लाईटीशी तिचं पहिल्यापासून वैर होतं, असं मागाहून जे सांगतात ते साफ खोटं.

मौलाचा धंदा पिढीजात. खांद्यावर पिंजण टाकून गल्लोगल्ली हिंडायचं, कुणाच्या अंगणात बसून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजायचा. पिंजण म्हणजे माणसाएवढं धनुष्य. त्याच्या तातीवर लाकडी ठोकळा हाणला की ढेकळं झालेला कापूस फुलून वर यायचा. त्यातला बराचसा गादीत जायचा आणि उरलेला मौलाच्या छातीत. ऐन तिशीत तो खोकून खोकून उकिडवा बसायला लागला. थोरला भाऊ अमीन हिशेबी आणि शहाणा. त्यानं चौऱ्याहत्तर साली इचलकरंजीहून पिंजायची मशीन आणली. मशीनला मोटर, मोटरीला जाड केबल. पुढच्या खोलीत कापसाचे ढीग; तिथं ठिणगी पडली तर घरादाराची होळी. म्हणून मीटर आणि मेन स्विच मागच्या खोलीत, लालबीच्या खाटेच्या वर बसवले आणि केबल त्याच भिंतीतून पुढं काढली. नदाफाच्या घरात असंच करतात. कुणाचं काही चुकलं नव्हतं. मौलाचा खोकला पावसाळ्याआधीच निम्म्यावर आला, आणि लालबीनं त्यापायी दर्ग्यात चादर चढवली.

मग तिचं सुरू झालं. आधी माथ्यात ठणका. मग भिंतीकडच्या गालाची, हाताची आग. चुलीपुढं फार वेळ बसल्यावर होते तशी, पण चूल विझलेली असताना. छातीत धडधड. झोप पार उडाली. बाहेर परड्यात जाऊन बसली की उतार पडायचा, खोलीत आली की पुन्हा तेच. डॉक्टरनं टॉनिक दिलं. सासूनं, रोशनबीनं, ताईत बांधला. टॉनिक संपलं, ताईत काळा पडला, ठणका होता तिथंच.

एक दिवस भर दुपारी अख्ख्या पेठेची लाईट गेली. गल्ली महावितरणाच्या नावानं शिमगा करायला लागली असती, पण तेव्हा ते नावही नव्हतं; नुसत्या ‘बोर्डाच्या’ सात पिढ्या उद्धरल्या. आणि इकडं लालबीचं कपाळ हळूहळू हलकं झालं. ती भाकरी थापता थापता थांबली. भिंतीकडं बघितलं. मीटरचं चाक फिरायचं थांबलं होतं.

“अवो, ऐकलंसा का?” तिनं मौलाला हाक मारली. “माज्या डोक्यात ती लाईट शिरतीया.”

दुसरा कुणी असता तर हसला असता. मौला हसला नाही. हा माणूस लालबीला फार सावकाश, पण मनापासून जीव लावायचा. त्यानं विचारलं, “कंच्या भिंतीकडनं?”

तेवढ्या एका प्रश्नावर लालबीनं पुढची कितीतरी दुखणी सोसली असती.

मौलानं खाट मीटरखालून उचलून समोरच्या कोपऱ्यात नेली. ट्यूब गुणगुणते म्हणून ती काढून पुन्हा बल्ब लावला. उशाजवळचा रेडिओ अमीनच्या खोलीत देऊन टाकला. भिंतीला पत्र्याचा तुकडा ठोकून बघितला, मग ओली गोणपाटं टांगून बघितली. त्यानं काय व्हायचं होतं देव जाणे. पण बुडत्याला काडीचा आधार. शेवटी दिवेलागण झाली की तो सरळ मेनच खाली ओढायला लागला. घरात कंदील आला. लालबी त्या कंदिलाच्या उजेडात मलिकाला, एकुलत्या एक लेकीला, मांडीवर घेऊन जेवू घालायची आणि बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागायची.

पण मीटर एक आणि घरं दोन; शेजारच्या खोलीतला अमीनचा संसारही त्याच मीटरवर. अमीनची पोरं कंदिलावर अभ्यास करून डोळे चोळायला लागली. लग्नसराईत संध्याकाळी मशीन बंद म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या नदाफाकडं वळलं. अमीन काही दुष्ट नव्हता, पण किती दिवस गप्प बसेल? तो भावाला म्हणाला, “मौला, पिंजण मारून मारून रगत पडायची येळ आलती तुजी. ती मशीन तुज्यासाठनं आणली मी. आणि तुजी बायको म्हनती, लाईट चावती!”

रोशनबीनं तर निकालच लावला. “म्हायेराला लाव तिला. तकडं न्हायी लाईट, न्हायी मशीन. बरी झाली की यील. पोरगी मातुर हितंच ऱ्हाईल. शाळंला जाती ती.”

बरी झाली की यील! अशा बोलीवर माहेरी पोचवलेल्या बायका लालबीनं बघितल्या होत्या. तिची थोरली चुलत बहीण अशीच आठ दिवसांसाठी आली होती, ती माहेरच्या उंबऱ्यावरच म्हातारी झाली. लालबीला दुखणं चालत होतं. मलिकाविना राहणं चालत नव्हतं. यापुढं जे काही झालं ते या एकाच भीतीपायी झालं.

मौलालाही ते पटत नव्हतं. म्हणून त्यानं जे केलं, ते हात दाखवून अवलक्षण. तो भर बैठकीत म्हणाला, “माजी बायको खोटं बोलत न्हाय. परीक्षा बघा की तिची. डोळं बांधा, मेन वर-खाली करा. लाईट हाय का न्हाय ती सांगंल.” आणि त्यानं लालबीकडं असं बघितलं, जसा बाप पैलवान पोराकडं आखाड्यात उतरताना बघतो.

लालबीही हो म्हणाली. का नाही म्हणेल? तिचं डोकं तिचंच होतं.

शुक्रवारी नमाजनंतर सगळे जमले. लालबीला खोलीच्या मधोमध पाटावर बसवलं. डोळ्यांवर ओढणी बांधली. मेनचा खटका ऐकू येऊ नये म्हणून कानांत कापसाचे बोळे घातले, याच मशीनवर पिंजलेल्या कापसाचे. मलिकाला शेजारची आक्का कडेवर घेऊन दारात उभी राहिली. अमीन मीटरपाशी. मौलानं लालबीच्या खांद्याला हात लावला की तिनं सांगायचं.

हात लागला. लालबीच्या माथ्यात खिळा ठोकल्यासारखं झालं. “आली,” ती म्हणाली.

पुन्हा हात. अजून तसंच. “हाय.”

पुन्हा. गाल भाजत होता, डोळ्यांतून पाणी येऊन ओढणी ओली झाली होती. “हाय, हाय की! बंद करा वो!”

मग एकदा जरा बरं वाटलं. “गेली,” ती घाईनं म्हणाली.

खांद्यावरचा हात निघून गेला. पुन्हा लागेना, तेव्हा तिनं स्वतःच ओढणी सोडली, कानांतले बोळे काढले. रोशनबी तोंडाला पदर लावून हसत होती. अमीन खाली बघत होता. त्याला वाईट वाटलं असावं. आणि मौला? मौला भिंतीला टेकून उभा होता, मेल्यासारखा.

“बंद हुती,” आक्काच शेवटी म्हणाली. “तू वरडत हुतीस तवा बंद हुती गं बाय. आणि गेली म्हनालीस तवा चालू हुती.”

लालबीला आधी ते कळेचना. मग कळलं, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. ती खोटं बोलली नव्हती. डोकं फुटत होतं, आत्तासुद्धा फुटत होतं. मग लाईट नव्हती, तर दुखत कशानं होतं? आणि लाईटीनं नाही दुखत, तर मग दुखतंय म्हणायचा तिला हक्क तरी होता का? तिनं मौलाकडं बघितलं. त्याच्या तोंडून ‘कंच्या भिंतीकडनं’ असलं काहीतरी यावं म्हणून बघितलं. तो बाहेर निघून गेला.

त्याच संध्याकाळी त्यानं भिंतीवरचा पत्रा काढला, गोणपाटं काढली. खाट उचलून पुन्हा मीटरखाली लावली. एक शब्द बोलला नाही. मारलं असतं तर बरं, असं लालबीला वाटलं.

निरोप गेला तसा तिचा भाऊ बादशहा एसटीनं आला. चहा पण घेईना. बहिणीची ट्रंक भरलेली, दारात ठेवलेली. रोशनबीनं मलिकाला स्वतःच्या पदराआड धरलं होतं. पोर रडत नव्हती. ट्रंकेत आपले कपडे का नाहीत, एवढंच विचारत होती. “अम्मी, माजा फराक ऱ्हायला.”

लालबी उंबऱ्याशी थांबली.

“अण्णा, तू जा,” ती म्हणाली. “मी न्हाय येत. मला कायसुदीक हुईत न्हाय. मी सोंग केलं हुतं. काम चुकवायला.”

बादशहा चाट पडला. रोशनबीनं डोळे बारीक केले. ही म्हातारी एवढ्यावर सोडणाऱ्यातली नव्हती. तिनं मलिकाला पुढं ढकललं. “असं व्हय? मग ठेव पोरीच्या डोस्क्यावर हात. म्हन, मला काय दुखत न्हाय.”

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलायचं नसतं. हे हिंदूच्या घरात आहे, मुसलमानाच्या घरात आहे. खोटी शपथ लेकराला बाधते. लालबीनं मलिकाच्या तेल लावलेल्या भांगावर तळवा ठेवला. तो तळवा आगीनं फणफणत होता. “मला काय दुखत न्हाय,” ती म्हणाली. आणि ट्रंक उचलून आत नेली.

त्यानंतर लालबीचं जगणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. उकडतंय म्हणून परड्यात निजायचं. कापूस वाळवायचा म्हणून दिवसभर उन्हात बसायचं. कण्हायचं झालंच तर जात्यावर बसून. ठणका उठला की ती स्वतःलाच बजावायची, न्हाय, दुखत न्हाय. कारण दुखतंय असं मनातसुद्धा कबूल केलं, तर ते मलिकाच्या डोक्यावर जाऊन पडणार होतं. घर मात्र सुखी झालं. पोरं दिव्याखाली अभ्यास करू लागली, मशीन संध्याकाळभर चालू लागली. मौला पुन्हा बायकोशी बोलायला लागला. ती खरं सांगत होती तेव्हा उडालेला त्याचा विश्वास आता खोट्यावर बसला होता. आपल्या माणसांवर रागवावं तरी कसं? तिला रागवताच आलं नाही.

पुढच्या वर्षी धंदा वाढला आणि दुसरी मशीन आली. पुढं जागा नव्हती, म्हणून मीटरभोवती पत्र्याची पेटी ठोकून ती मागच्या खोलीतच बसवायचं ठरलं. त्याच आठवड्यात मलिका तापली. गल्लीतली निम्मी पोरं त्याच तापानं अंथरुणाला खिळली होती. पण जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. लालबीला ताप कुठून आला ते ठाऊक होतं.

मशीन बसवून झाली. माणसं चहाला बाहेर गेली, तेव्हा मौला आत आला. खोलीत तिघंच. मलिका खाटेवर ग्लानीत. तो लालबीच्या समोर बसला, बराच वेळ कापसाचा एक पुंजका बोटांनी पिंजत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “लाले, त्या दिशी मी निघून गेलो. चुकलंच माजं. खरं सांग. तुला अजून काय हुतंय का? हुईत असलं तर ही मशीन मी आत्ता माघारी धाडतो. भाईला मी सांगतो. अम्माला पण सांगतो.”

त्यानं ते मनापासून विचारलं होतं. तिला ते दिसत होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. लालबीनं तोंड उघडलं आणि मलिका झोपेत कण्हली.

“न्हाय वो,” लालबी म्हणाली. “कायसुदीक दुखत न्हाय मला.”

मौलाचा चेहरा उजळला. तो उठला, बाहेरच्यांना हाक मारली आणि मेन वर केला. मशीन घुमायला लागली, हवेत कापूस उडायला लागला. लालबीनं पदर ओला करून मलिकाच्या कपाळावर ठेवला. कपाळ भाजत होतं, आणि पोरीचं कुठलं नि आपलं कुठलं, हे तिच्या हाताला कळत नव्हतं.