सुकवारोचे गुडघे

लेकीचे बाळंतपण करायला मी जेजुरीकडून इतक्या लांब सालेकश्याला आले आणि स्वतःचेच गुडघे धरून बसले. संधिवात जुनाच, पण इथे त्याने जोर केला. जमिनीवर बसले की काखेत हात घालून कुणीतरी उठवावे लागे. जावई रेल्वेत कामाला. माणूस भला, पण एकदा लेकीला हळूच म्हणाले, "पाय पसरून बाळाला न्हाऊ घालणे यांना कसे जमणार? माझ्या आईला बोलावू, यांना गावी पोचवतो." ते माझ्या कानावर आले. गावच्या घराला कुलूप, माणूस कोणी नाही. खंडेराया, म्हातारपणी एवढे एक काम मागितले, तेही काढून घेतोस का, असे मनात येई.

त्यात शेजारची सुकवारो. गोंडाची म्हातारी, माझ्याहून वयाने मोठी. पहाटे टोपले घेऊन मोहाची फुले वेचायला रानात जाई, ती टोपले भरूनच येई. मी ओट्यावरून बघायची आणि जळायची. दुसऱ्या बुकानंतर माझी शाळा सुटली, पण धड गुडघे देताना देवाने माणूस चुकवला एवढे मला कळत होते. प्रार्थना सुरू व्हायची माझ्या गुडघ्यांपासून आणि संपायची, "तिलाच का दिलेस?" इथे.

एका सकाळी तो जळफळाट मला घरात बसू देईना. काठी टेकत रुळापलीकडे गेले. एका मोहाखालची जागा छान झाडलेली, वर फुलांचा सडा. बसले आणि ओच्यात वेचू लागले. इथे ज्याने जागा झाडली त्याचे झाड, हे मला कुठले माहीत? ओचा भरला आणि उठता येईना. ऊन चढले. हाक मारायची लाज वाटे. डोळे मिटून म्हटले, देवा, आता तूच.

"काऊन वो बाई, माह्या झाडाखाली काय करून राहिली?"

समोर सुकवारो. मी खरे ते सांगितले, फुले वेचली आणि आता उठता येत नाही. ती पोट धरून हसली. "चोरी कराले आली अन् पळाले बी येत नाही तुले."

हात मात्र दिला नाही. टोपले माझ्यापुढे उपडे ठेवले. "याच्यावर हात टेक. एक पाय पुढं घे. आता लाव जोर." मी उठले, कुणी न धरता. मग तिने लुगडे जरा वर करून आपले गुडघे दाखवले. माझ्याहून सुजलेले, वाकडे. "सकाळी मले भिंत धरा लागते. बसून राहिलो त बसूनच मरीन, म्हणून येतो."

ज्याचा हेवा करत होते ते तिच्याजवळ नव्हतेच. हेवा गेला असे नाही म्हणणार. तो आता तिच्या हट्टाचा वाटू लागला. रोज तिच्यामागून निघू लागले. मागे पडले की ती ओरडे, "ये वो चोट्टी, फुलं सुकून राहिली." जावयांनी गावचा विषय पुन्हा काढला नाही.

पावसाळ्यात नात झाली. पाटावर बसून, पाय पसरून तिला न्हाऊ घालते आणि माझी मी उठते. दुखणे जावे म्हणून देवाला गाऱ्हाणे घातले होते. ते गेलेले नाही. पोरीला तेल लावून झाले की तेलकट हातच जोडते. आता मागत काही नाही; दुखणे किती, बळ किती द्यायचे, ते त्याने ठरवावे.